तांबडा मासा कोणाचा? मेक्सिकोच्या आखातातील शरद-मासेमारीचा इतिहास

अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर, टेक्सासमधील लागुना माद्रे या लांबट खाडीपासून लुइझियानातील मिसिसिपीच्या मुखापर्यंत आणि तिथून पूर्वेला फ्लोरिडापर्यंत, मेक्सिकोच्या आखाताला लागून उथळ खाड्या, वाळूचे दांडे आणि गवताळ खाजणे यांचा लांबच लांब पट्टा पसरलेला आहे, आणि या पट्ट्यात सप्टेंबरअखेरीपासून डिसेंबरपर्यंत दोन माशांची मासेमारी ऐन भरात येते. पहिला रेडफिश, म्हणजे तांबूस-सोनेरी अंगाचा आणि शेपटीच्या बुंध्याशी काळा ठिपका असलेला दणकट मासा; दुसरा स्पेकल्ड ट्राउट, म्हणजे रुपेरी पाठीवर काळे ठिपके असलेला, सडपातळ आणि वरच्या जबड्यात सुळे असलेला मासा. दुसऱ्याच्या नावात ट्राउट असले तरी गोड्या पाण्यातल्या ट्राउटशी त्याचे नाते नाही. हे दोन्ही मासे सायनिडी कुळातले, म्हणजे कोकणच्या किनाऱ्यावरील घोळ आणि ढोमा यांचे भाऊबंद आहेत. घोळीच्या पोटातल्या हवेच्या ज्या पिशवीला कोळी भोत म्हणतात आणि जिच्यासाठी व्यापारी मोठी किंमत मोजतात, तीच पिशवी या दोन्ही माशांत असते, आणि विणीच्या दिवसांत नर तिच्यालगतचे स्नायू वेगाने हलवून पाण्याखाली घुमणारा आवाज काढतात.

या माशांचा गेल्या दीड शतकाचा वृत्तान्त सहसा ऱ्हास आणि पुनरुज्जीवन यांचा वृत्तान्त म्हणून सांगितला जातो. तो तसा आहेही; परंतु त्याच्या तळाशी मालकीचा प्रश्न आहे, आणि त्याकडे लक्ष दिल्याशिवाय या किनाऱ्यावर काय घडले हे नीट समजत नाही. मासा जाळ्याने पकडून बाजारात विकणाऱ्याचा, पैसे मोजून ताटात घेणाऱ्याचा, की सुट्टीच्या दिवशी गळ टाकणाऱ्याचा, या प्रश्नाचे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले उत्तर १९७७ ते १९९७ या वीस वर्षांत कायद्याने फिरवले गेले. त्यात मासा वाचला, आणि ज्यांच्या घरची चूल त्याच्यावर पेटत होती असा एक वर्ग पाण्याबाहेर गेला.

ही मासेमारी शरदातच का भरते, याचे कारण खाजणाच्या रचनेत आहे. मोठा रेडफिश, ज्याला तिथले लोक बुल रेड म्हणतात, ऑगस्टच्या मध्यापासून पुढे दोन-तीन महिने खाड्यांच्या मुखांशी आणि किनाऱ्यालगतच्या समुद्रात थव्याने येऊन वीण करतो. अंडी आणि पिल्ले भरतीच्या पाण्याबरोबर आत शिरतात आणि मचूळ पाण्याच्या गवताळ कडांना तीन-चार वर्षे वाढून मग खुल्या समुद्रातल्या थव्यांना जाऊन मिळतात. स्पेकल्ड ट्राउट मात्र जवळजवळ सारे आयुष्य खाडीतच काढतो: उन्हाळ्यात तो समुद्राजवळच्या खारट पाण्यात वीण करतो आणि पाणी थंडावू लागले की आतल्या तळ्यांकडे आणि बायूंकडे, म्हणजे खाजणातून वाहणाऱ्या संथ प्रवाहांकडे, वळतो. याच सुमारास उत्तरेकडून थंड हवेच्या लाटा येऊ लागतात, त्यांच्यामागून येणारा कोरडा वारा खाजणातले पाणी आखाताकडे लोटतो, पाण्याची पातळी कित्येकदा हातभर उतरते आणि उन्हाळाभर गवतात वाढलेली पांढरी कोळंबी नाइलाजाने बाहेर पडते. ट्राउटचे थवे तिला खालून रेटतात, उसळलेल्या कोळंबीवर वरून पाणपक्षी झडप घालतात, आणि पक्षी जिथे घिरट्या घालतात तिथे होडी न्यायची हे या किनाऱ्यावर कोणाला शिकवावे लागत नाही. रेडफिश त्याच वेळी, पाणी ओसरणाऱ्या लहान ओहोळांच्या तोंडाशी दबा धरून, वाहून येणारे खेकडे आणि बोयीची पिल्ले टिपत असतो.

हे वेळापत्रक युरोपीय लोक येण्याच्या फार आधीपासून माणसांना ठाऊक होते. टेक्सासच्या कॉर्पस क्रिस्टी परिसरातील जुन्या वस्त्यांच्या उत्खननांत रेडफिश आणि त्याच्या कुळातल्या इतर माशांच्या कानातले खडे मोठ्या संख्येने सापडले आहेत. हा खडा चुनखडीसारख्या द्रव्याचा असतो, त्यावर झाडाच्या खोडाप्रमाणे दरवर्षी एक वलय चढते, आणि सर्वांत बाहेरचे वलय किती भरले आहे यावरून मासा कोणत्या ऋतूत मारला गेला ते काढता येते. या खड्यांच्या अभ्यासावरून असे दिसते की या किनाऱ्याचे मूळ रहिवासी असलेल्या कारंकावा लोकांचे आणि त्यांच्या पूर्वजांचे किनाऱ्यावरील मोठे तळ शरदापासून वसंताच्या सुरुवातीपर्यंत गजबजत, आणि उन्हाळ्यात हे लोक लहान गटांनी आतल्या नदीकाठांवर पांगत. स्पॅनिश प्रवासी काबेसा दे वाका १५२८च्या नोव्हेंबरात गॅल्व्हस्टनजवळच्या एका बेटावर लाटांनी फेकला गेला. १५४२ साली छापलेल्या आपल्या वृत्तान्तात त्याने तिथले लोक ऑक्टोबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत त्या बेटावर राहतात, बोरूचे बांध घालून मासे अडवतात आणि मासा त्यांना याच मोसमात मिळतो, असे नोंदवले आहे. पुराव्याच्या या दोन वाटा एकमेकींपासून अगदी स्वतंत्र असून त्या एकाच ऋतूकडे बोट दाखवतात, ही या विषयातली फार समाधानाची गोष्ट आहे.

बाजारासाठीची मासेमारी न्यू ऑर्लिन्स शहराबरोबर वाढली. लुइझियाना स्पेनच्या ताब्यात असताना, १७७८ ते १७८३ या वर्षांत, कॅनरी बेटांवरून आणलेली कुटुंबे शहराच्या खालच्या अंगाला, आजच्या सेंट बर्नार्ड परगण्यात, वसवली गेली. इस्लेन्यो म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या लोकांचे वंशज पुढे डेलाक्रोआ बेटासारख्या वाड्यांत मासेमारी, खेकडे, सापळे लावून मिळवलेली कातडी आणि बदकांची शिकार यांवर जगू लागले. देसिमा या जुन्या स्पॅनिश छंदातली गाणी त्यांनी विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत जिवंत ठेवली, आणि त्यांतल्या काही गाण्यांचा विषय खेकडे पकडणाऱ्याचे थंडीतले हाल हा आहे. त्यांच्या आणि त्यांच्या शेजाऱ्यांच्या जाळ्यांतला मासा शहराच्या फ्रेंच मार्केटमध्ये जाई, आणि तिथून क्रिओल स्वयंपाकघरांत. लोणी किंवा तेलात पीठ तांबूस होईपर्यंत परतून, त्यात कांदा, टोमॅटो आणि मसाला घालून केलेल्या दाट रश्शात रेडफिशचे तुकडे शिजवण्याचा कूर-बुयाँ हा प्रकार एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत तिथल्या पाकपुस्तकांत पक्का रुजला होता.

बर्फ आणि रेल्वे आल्यावर या बाजाराची कक्षा शहराबाहेर गेली. टेक्सासमध्ये गॅल्व्हस्टन, रॉकपोर्ट, कॉर्पस क्रिस्टी येथून पेट्यांत भरलेला मासा आतल्या गावांना जाऊ लागला, आणि १८९५ साली त्या राज्याने मासे व कालवे यांच्यासाठी स्वतंत्र आयुक्त नेमला. जाळी मुख्यतः तीन प्रकारची होती. ओढजाळे म्हणजे किनाऱ्याला वेढा घालून दोन्ही टोकांनी खेचायचे जाळे, जे कोकणातल्या रापणीच्या जवळचे आहे. गिल नेट, म्हणजे पाण्यात भिंतीसारखे उभे राहून माशाला कल्ल्यांशी अडकवणारे जाळे. आणि ट्रॅमल नेट, म्हणजे दोन मोठ्या डोळ्यांच्या पदरांमध्ये एक बारीक डोळ्यांचा सैल पदर असलेले तिपदरी जाळे, ज्यात मासा शिरला की आपल्याच धक्क्याने पिशवी करून गुंतून पडतो. यांखेरीज, दोन खुंट्यांमध्ये ताणलेल्या दोरीला शेकडो गळ टांगण्याची पद्धत लागुना माद्रेच्या उथळ पाण्यात फार चाले.

याच काळात शेजारच्या एका धंद्याचे जे झाले, त्यात रेडफिशच्या भवितव्याची पूर्वसूचना होती. खाजणातली रानबदके पिढ्यान्‌पिढ्या न्यू ऑर्लिन्सच्या बाजारात टांगून विकली जात. १९१८च्या स्थलांतरित पक्षी कायद्यानंतर ती विकणे गुन्हा ठरले, मात्र परवाना घेऊन मोसमात हौसेसाठी मारणे कायदेशीरच राहिले. वन्य जीव विकण्याला बंदी आणि मारण्याला मर्यादित मुभा, हे अमेरिकी शिकार-कायद्याचे सूत्र तेव्हा जमिनीवर आणि आकाशात लागू झाले. समुद्रातल्या माशाला ते लागू होईल असे त्या वेळी कोणाच्या मनात आले नसावे. समुद्र अथांग मानला जाई आणि मासा अन्न मानला जाई. पण जे सूत्र साठ-सत्तर वर्षांनी रेडफिशच्या बाबतीत वापरले गेले ते नवे नव्हते, आणि ज्या घरांतून बदकांचा धंदा गेला होता त्यांतल्या कित्येक घरांतूनच पुढे जाळ्यांचाही गेला.

दुसऱ्या महायुद्धानंतर पाण्यावरची गर्दी बदलली. होडीला बाहेरून जोडायचे हलके इंजिन, फायबरग्लासची गळकाठी आणि एकपदरी नायलॉनची दोरी या तीन गोष्टी मध्यमवर्गाच्या आवाक्यात आल्या, आणि ह्यूस्टन, न्यू ऑर्लिन्स यांसारख्या वाढत्या शहरांतले हजारो लोक शनिवार-रविवारी खाड्यांत उतरू लागले. नायलॉनने दोन्ही बाजूंना हत्यार दिले, हे इथे नोंदवायला हवे: ज्या धाग्याने हौशी माणसाची दोरी पाण्यात दिसेनाशी केली, त्याच धाग्याने विणलेले गिल नेटही माशाला दिसेनासे झाले, आणि जाळ्याची पकड सुताच्या काळातल्यापेक्षा कितीतरी वाढली.

हौशी मासेमाराची साधने साधीच होती, पण त्यांच्यामागचे निरीक्षण बारीक होते. या किनाऱ्याची खास ओळख असलेला पॉपिंग कॉर्क घेतला, तर तो म्हणजे तारेवर ओवलेला, वरच्या तोंडाला खोलगट असलेला बुचाचा तरंगता गोळा. तारेच्या टोकांना पितळी किंवा प्लास्टिकचे मणी असतात आणि खाली हात-दीड हात दोरीला गळात अडकवलेली जिवंत कोळंबी किंवा तिची रबरी नक्कल लोंबत असते. गळकाठीला हिसका दिला की बूच पाणी गिळल्यासारखा ‘ढुप्’ आवाज करते आणि मणी खडखडतात. तो आवाज पृष्ठभागावर कोळंबी गिळणाऱ्या ट्राउटच्या आवाजाशी इतका जुळतो की थव्यातले इतर मासे त्या दिशेने धावतात. हिसक्यानंतर दोरी सैल सोडून काही क्षण थांबावे लागते, कारण मासा बहुधा त्या विरामात, वर उचललेली कोळंबी पुन्हा खाली बुडत असताना, तोंड घालतो.

या हौशी वर्गाची ताकद संख्येपुरती नव्हती. १९५०च्या डिंगल-जॉन्सन कायद्याने गळकाठ्या, रिळे, आमिषे यांवर उत्पादकाकडून दहा टक्के अबकारी घेऊन ती रक्कम राज्यांच्या मत्स्य खात्यांना वाटायला सुरुवात केली, आणि वाटपाचा एक निकष त्या राज्यातल्या परवानाधारक गळवाल्यांची संख्या हा ठेवला. १९८४ साली या योजनेत मोटारहोड्यांच्या इंधनावरचा करही सामील झाला. परिणामी, खाड्यांवर नियम करणाऱ्या खात्यांचा मोठा निधी हौशी मासेमारांच्या खिशातून येऊ लागला, तर जाळेवाल्यांकडून येणारा महसूल त्यापुढे किरकोळ होता. पुढच्या संघर्षात कोणी कोणाचे ऐकले याचा उलगडा करताना भावनांपेक्षा या हिशेबाकडे आधी पाहायला हवे.

संघर्षाला तोंड फुटले टेक्सासमध्ये. १९७०च्या दशकात तिथल्या खाड्यांतला रेडफिश झपाट्याने कमी होत होता, आणि १९७७ साली राज्याने व्यापारी पकडीवर कोटा बसवणारा कायदा केला. त्याच वर्षी ह्यूस्टनमध्ये चौदा हौशी मासेमारांनी गल्फ कोस्ट कॉन्झर्व्हेशन असोसिएशन ही संस्था काढली. तेलाच्या व्यवसायातून आलेले वॉल्टर फॉन्ड्रेन तिसरे तिचे अध्वर्यू होते. पैसा, वकील आणि विधिमंडळात ओळखी असलेल्या या संस्थेने चार वर्षांत आपले मुख्य उद्दिष्ट गाठले: १९८१ साली ‘हाउस बिल १०००’ संमत होऊन टेक्सासच्या पाण्यातला रेडफिश आणि स्पेकल्ड ट्राउट विकण्यावर बंदी आली. मासा पकडता येईल, घरी नेऊन खाताही येईल, पण त्याचे पैसे करता येणार नाहीत, अशी ही व्यवस्था होती. ‘गेम फिश’, म्हणजे खेळाचा मासा, ही संज्ञा तिला मिळाली. १९८८ साली टेक्सासने खाड्यांतून गिल नेट, ट्रॅमल नेट आणि ओढजाळी पूर्णपणे हद्दपार केली.

याच सुमारास भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरही समुद्र कोणाचा हा प्रश्न पेटला होता, आणि महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदाही नेमका १९८१चाच आहे. गोव्याचा त्याआधी एक वर्षाचा. तुलना या वर्षांपुरतीच थांबत नाही. गोव्यात रापणकार रस्त्यावर उतरले ते यांत्रिक ट्रॉलर आणि पर्स सीन जाळ्यांविरुद्ध, म्हणजे तिथे एक धंदेवाईक दुसऱ्या, अधिक भांडवलदार धंदेवाइकाविरुद्ध उभा होता आणि कायद्याने किनाऱ्यालगतचा पट्टा निदान कागदावर तरी लहान मच्छीमारासाठी राखला. टेक्सासमध्ये किनाऱ्यालगतच्या पट्ट्यातून लहान मच्छीमारालाच उठवले गेले, आणि तो पट्टा पगारदार, व्यावसायिक, उद्योजक अशा लोकांच्या विरंगुळ्यासाठी राखला गेला. दोन्हीकडे संरक्षणाची भाषा एकच होती, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

बंदीचा परिणाम दिसण्याआधीच निसर्गाने घाला घातला. १९८३च्या डिसेंबरात आलेल्या कडाक्याच्या थंडीत टेक्सासच्या उथळ खाड्या गोठण्याच्या बेताला आल्या आणि अंदाजे १ कोटी ४० लाख मासे मेले. १९८९ साली फेब्रुवारीत आणि पुन्हा डिसेंबरात तसेच झाले. या संकटात कामी आली ती मत्स्यबीजाची नवी विद्या. पोर्ट अरान्सस येथील टेक्सास विद्यापीठाच्या सागरविज्ञान संस्थेत कॉनी अर्नोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात रेडफिशला टाकीत विणायला लावण्याची रीत बसवली होती, आणि तिचे मर्म पुन्हा शरदातच होते: टाकीवरच्या दिव्यांचे तास हळूहळू कमी करत आणि पाणी थंड करत नेले की माशाला शरद आल्याचा भास होतो, आणि ती स्थिती टिकवली की तो महिनोन्‌महिने अंडी देत राहतो. कॉर्पस क्रिस्टीजवळ एका वीजकेंद्राच्या आवारात, वीज कंपनीने दिलेल्या जागेवर आणि असोसिएशनच्या पैशातून, १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला राज्याचे बीजकेंद्र उभे राहिले. तेव्हापासून टेक्सासने बोटभर लांबीची कोट्यवधी पिल्ले खाड्यांत सोडली आहेत. टेक्सासचा रेडफिश विक्रीबंदीने सावरला, जाळी गेल्याने सावरला की बीज सोडल्याने, याची वाटणी करणे अवघड आहे, आणि एकाच कारणाला सारे श्रेय देणारी मांडणी सावधपणे वाचावी.

लुइझियानात गोष्टीला वेगळेच वळण मिळाले, आणि ते एका तव्याने दिले. ओपलूससजवळच्या शेतकरी कुटुंबात १९४० साली जन्मलेले पॉल प्रुडोम न्यू ऑर्लिन्सच्या ‘कमांडर्स पॅलेस’मध्ये नाव कमावून १९७९ साली चार्टर्स रस्त्यावर ‘के-पॉल्स’ हे साधेसे उपाहारगृह चालवू लागले. तिथे निखाऱ्यावर भाजण्याची सोय नव्हती, म्हणून त्यांनी बिडाचा तवा पांढुरका होईपर्यंत तापवला, रेडफिशचा तुकडा वितळलेल्या लोण्यात बुडवून लाल तिखट, मिरी, ओवासदृश पाने, लसूण आणि कांद्याची पूड यांच्या मिश्रणात घोळला आणि तव्यावर टाकला. लोणी आणि मसाला जळून काळे कवच धरते आणि आत मांस रसाळ राहते. ‘ब्लॅकन्ड रेडफिश’ या नावाने हा पदार्थ तीन-चार वर्षांत अमेरिकाभर पसरला, आणि ज्या माशाची मागणी तोवर आखाताच्या काठापुरती होती त्याला न्यू यॉर्क आणि कॅलिफोर्नियातून गिऱ्हाईक आले.

ही मागणी खाड्यांतल्या जाळ्यांना पुरवता येण्यासारखी नव्हती. टेहळणी विमानातून समुद्राच्या पृष्ठभागावर पसरलेला तांबूस डाग हेरायचा, खाली बोटीला संदेश द्यायचा आणि आख्ख्या थव्याला पर्स सीनचा, म्हणजे तळाशी दोरी आवळून पिशवी करता येणाऱ्या जाळ्याचा, वेढा घालायचा, अशी पद्धत खुल्या समुद्रात सुरू झाली. या थव्यांतले मासे म्हणजे वीस-तीस वर्षे जगलेल्या, विणीच्या माद्या-नरांची फौज होती. रेडफिश चाळीस वर्षांपर्यंत जगतो आणि त्याची पिढी फार सावकाश भरून येते. एका दुपारी आवळलेल्या जाळ्यात कित्येक दशकांची वीण बाहेर निघत होती, आणि तीही अशा माशांची, ज्यांचे मांस लहान माशाच्या मानाने भरड लागते. संघराज्य सरकारने १९८६ साली तातडीचा आदेश काढून ही पकड रोखली आणि १९८८ साली आखातातल्या संघराज्याच्या हद्दीत रेडफिश बाळगण्यावरच पूर्ण बंदी घातली. ती आजही उठलेली नाही. लुइझियानाने त्याच वर्षी आपल्या पाण्यातली व्यापारी पकड थांबवून रेडफिशला खेळाचा मासा ठरवले. २००७च्या ऑक्टोबरात राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी संघराज्याच्या पाण्यात पकडलेल्या रेडफिशची आणि स्ट्राइप्ड बासची विक्री रोखण्याचा अध्यक्षीय आदेश काढला, तो या प्रदीर्घ वाटचालीवरचा शिक्का होता.

या प्रसंगाने हौशी संघटनांच्या युक्तिवादाला फार मोठे बळ दिले, परंतु त्यात एक गफलतही झाली. थवे उपसले ते पर्स सीनने, खुल्या समुद्रात, मोठ्या भांडवलाच्या जोरावर. त्याची शिक्षा मात्र खाडीत वीस-बावीस फुटी होडीतून गिल नेट मारणाऱ्यालाही तितकीच झाली. फ्लोरिडात १९९४च्या नोव्हेंबरात मतदारांनी सुमारे ७२ टक्के मतांनी राज्यघटनेतच जाळीबंदी घातली आणि ती १ जुलै १९९५पासून अमलात आली. लुइझियानाने १९९५ साली सागरी संपत्ती संरक्षणाचा कायदा करून दोन वर्षांत ट्राउटसाठीची गिल नेट संपवली. व्यापारी मच्छीमाराला ट्राउट पकडायचा तर गळकाठीनेच, आणि ठरलेल्या कोट्याच्या आत. डेलाक्रोआ आणि आसपासच्या वाड्यांनी याला कडवा विरोध केला, कारण शरद-हिवाळ्यातला ट्राउट हेच कोळंबीचा मोसम सरल्यावरचे त्यांचे नगद उत्पन्न होते. फ्लोरिडात सीडर की या गावातल्या जाळेवाल्यांना सरकारी प्रशिक्षण देऊन शिंपल्यांच्या शेतीकडे वळवले गेले आणि ती शेती तिथे खरोखर फळाला आली; पण असे यश अपवादानेच मिळाले. मिसिसिपी राज्यात आजही कोट्याच्या आत रेडफिशची व्यापारी पकड चालते. इतरत्र उपाहारगृहात मिळणारा रेडफिश बहुतेक टेक्सासच्या तळ्यांत किंवा परदेशात वाढवलेला असतो, आणि अमेरिकेतून नेलेल्या बीजापासून चीनने या माशाची मोठी शेती उभारली आहे. खाजणाच्या काठी राहणाऱ्या पण होडी नसलेल्या माणसाला दारातला मासा बाजारात मिळत नाही आणि तळ्यातला मिळतो, ही या कायद्याची सर्वांत कमी चर्चिली गेलेली बाजू आहे.

मालकीचा प्रश्न मग पाण्याखालच्या जमिनीवर येऊन ठेपला. १९२७च्या महापुरानंतर मिसिसिपीला बांधांनी करकचून आवळले गेले, त्यामुळे दरवर्षी खाजणावर पसरणारा गाळ थेट खोल आखातात जाऊ लागला. तेलकंपन्यांनी खणलेल्या कालव्यांतून खारे पाणी आत शिरले. आणि १९३२ ते २०१६ या काळात लुइझियानाने किनाऱ्यालगतची सुमारे ४,८०० चौरस किलोमीटर जमीन गमावली. जिथे कोणाच्या नावावर गवताळ खाजण होते तिथे आता भरती-ओहोटीचे उघडे पाणी आहे, पण खाली तेल आणि वायू असल्याने जमीनमालक त्या बुडालेल्या जमिनीवरचा हक्क सोडत नाहीत आणि पाण्यात पाट्या व साखळ्या लावून होड्या अडवतात. जाळेवाल्यांना बाहेर काढून ज्यांनी या पाण्यावर आपला अधिकार सिद्ध केला होता, त्या हौशी मासेमारांनाच आता अनेक तळ्यांतून अतिक्रमक म्हणून परतावे लागते. तुटत्या खाजणाचे आणखी एक लक्षण फसवे आहे: गवताचा सलग पट्टा फाटून त्याच्या कडा वाढतात, कडांशी मासा जमतो, आणि जमीन बुडत असताना मासेमारी काही काळ अधिकच चांगली भासते. नदीचा गाळ पुन्हा खाजणात वळवण्यासाठी बाराटारिया खोऱ्यात २०२३ साली सुरू झालेला सुमारे तीन अब्ज डॉलरचा प्रकल्प राज्याने २०२५ साली रद्द केला. गोड्या पाण्याने आपली कोळंबी आणि कालवे संपतील, असे म्हणत त्याला विरोध करणाऱ्यांत उरलेसुरले धंदेवाईक मच्छीमार पुढे होते.

१९९०च्या दशकापासून दोन दशके शरदातली मासेमारी विपुल राहिली, आणि लुइझियानाचे नियम देशात सर्वांत सैल राहिले: माणशी दिवसाला पंचवीस ट्राउट आणि पाच रेडफिश. त्यानंतर दोन्ही माशांची घसरण मोजमापांत दिसू लागली. लुइझियानाच्या कायद्यात रेडफिशसाठी निसटण्याचे प्रमाण ठरलेले आहे. मासेमारी मुळीच नसती तर जितकी पिल्ले खाजणातून सुटून समुद्रातल्या थव्यांना मिळाली असती, त्यांच्या निदान ३० टक्के सुटली पाहिजेत. २०२२च्या आढाव्यात हे प्रमाण त्या मर्यादेच्या खाली गेलेले आढळले. टेक्सासमध्ये २०२१च्या फेब्रुवारीतल्या थंडीत अंदाजे ३८ लाख मासे मेले आणि हौशी मासेमारीच्या माशांत ट्राउटला सर्वाधिक फटका बसला. या खेपेस दोष द्यायला खाड्यांत जाळी उरलेली नव्हती. खाजणाचा नाश, बांगड्याएवढ्या तेलकट पोगी माशांसाठी किनाऱ्यालगत चालणारी मोठी पर्स सीन जाळी, यांच्यावर बोट ठेवले गेले आणि त्यात तथ्यही आहे. पण राज्यांच्या खाड्यांतून मारला जाणारा बहुतेक सारा रेडफिश गेली तीस वर्षे गळानेच मारला जातो, ही वस्तुस्थिती हौशी संघटनांना प्रथमच स्वतःशी मान्य करावी लागली.

नियम मग त्यांच्यावरच आले. लुइझियानाने २०२३च्या नोव्हेंबरापासून ट्राउटची मर्यादा पंचवीसवरून पंधरावर आणली आणि ठेवण्याजोग्या माशाची लांबी १३ ते २० इंच ठरवली, त्याहून मोठे दोनच मासे ठेवण्याची मुभा देऊन. २०२४च्या जूनपासून रेडफिश पाचाचे चार झाले, लांबीची चौकट १८ ते २७ इंच झाली, आणि २७ इंचांवरचा एक मासा ठेवण्याची जुनी सवलत रद्द झाली. या वरच्या मर्यादेचा हेतू विणीचे मासे वाचवणे हा आहे, कारण साधारण २७ इंचांच्या, म्हणजे ६९ सेंटिमीटरच्या पुढे रेडफिश खाजण सोडून समुद्रातल्या थव्यांत जातो. लुइझियानात शरदात खाडीमुखांशी गळाला लागणारा प्रत्येक बुल रेड आता मोजून पाण्यात परत सोडावा लागतो. त्यांतले सर्वांत थोराड मासे १९८८च्या बंदीनंतरच्या भरघोस वर्षांत जन्मलेले आहेत, आणि खाजणातून निसटणाऱ्या पिल्लांची गेल्या दशकातली तूट त्या थव्यांच्या वयोमानात पुरती उतरायला अजून बरीच वर्षे लागणार आहेत.